गाडीतला उंदीर

उन्हाळा मला आवडायचा. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या गावात राहणाऱ्या बाईनं असं म्हणणं जरा अतीच, पण खरं आहे. दुपारी पडदे ओढायचे, एक खिडकी किलकिली ठेवून कूलर सुरू करायचा, ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरू द्यायचा आणि उशाशी तपासायच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन आडवं व्हायचं. यापरतं सुख मला माहीत नव्हतं. मी शिक्षिका होते. पैठण रस्त्याला, चितेगावच्याही पुढं, एका माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायचे.

चाळिशी ओलांडली आणि ते सुख संपलं. आधी डाव्या पायाला मुंग्या आल्या, मग एका डोळ्यापुढं धुरकट पडदा आला, मग दवाखान्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि शेवटी एका शांत आवाजाच्या डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव सांगितलं. मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूकडून निघालेला निरोप वाटेत अडखळतो, असं त्यांनी समजावलं. औषधं चालू ठेवली तर बरीच वर्षं चांगली जातील, पण एक पथ्य जन्माचं: अंग तापू द्यायचं नाही. तापलं की डोळ्यांना अंधुक दिसणार आणि पाय जड होणार, गार झालं की तासाभरात पुन्हा सगळं ठीक. "थंड राहायचं," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "मी कुठं राहते ते माहीत आहे ना तुम्हाला?" त्या हसल्या नाहीत.

मी फटकळ आहे, हे इथंच सांगून टाकते. शाळेतली पोरं माझ्या चपलांचा आवाज ओळखून गप्प बसायची, आणि आमच्या गल्लीत नळाचं पाणी सोडणारा माणूस माझ्या फाटकासमोरून जाताना सायकलचा वेग वाढवायचा. माझा सगळा कारभार बोलण्यावर चाललेला. आणि आजार मिळाला तो असा, की त्याला कितीही झापलं तरी त्याच्यावर काही परिणाम होत नव्हता.

गारखेड्यातल्या आमच्या घरात तेव्हा मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, असे दोघंच असायचो. नवरा बँकेत, त्याची बदली परगावी झालेली, तो शनिवारी यायचा. मुलगी पुण्याला शिकत होती. सासूबाईंना जाऊन दहा वर्षं झाली होती. मामंजी गोदाकाठच्या शेतकरी घरातले. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, कमी बोलणारे. घरात मी एकटीच दोघांच्या वाटचं बोलून घ्यायचे.

कूलर मात्र त्यांच्या ताब्यात. पाडव्याच्या आधी आठ दिवस ते कूलर गच्चीवर नेऊन सुटा करायचे, टाकी घासायचे, मोटरीला तेल घालायचे. स्टेशनच्या रस्त्याला वाळा आणि कूलरचं गवत विकणाऱ्यांची पालं लागली की पिशवी घेऊन निघायचे आणि जुडी न जुडी नाकाला लावून निवडायचे. "पोलीस ॲक्शनच्या आधी, मी लहान व्हतो तवा, पैठणच्या कचेरीत वाळ्याच्या ताट्या लावायचे," ते सांगायचे. "एक माणूस दिवसभर नुसता पाणी मारायला. भर दुपारचं आत गेलं की लई बरं वाटायचं. तितं सायेब आन् चपराशी, दोघांनाबी सारखीच गार हवा." हे त्यांचं सगळ्यात लांबलचक भाषण, आणि ते दर वर्षी एकदा व्हायचं.

माझ्या आजारानंतर माझ्या खोलीत एसी आला. कूलरच्या दमट हवेनं अंग हवं तितकं गार राहीना. कूलर मामंजींच्या खोलीत गेला. मीच एकदोनदा त्यांच्या दारात उभी राहून वास घेऊन आले.

शाळेचा प्रश्न राहिला. एसटीच्या थांब्यावर उन्हात उभं राहणं आता शक्य नव्हतं. मुख्याध्यापकांनी, चांगल्याच मनानं, स्वेच्छानिवृत्तीचा विषय काढला. मी त्यांना जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, अंग गार राहणार असेल तर गाडी चालवायला हरकत नाही. म्हणून आम्ही एक छोटी पांढरी गाडी घेतली, जुनीच, एसी चांगला म्हणून. तो एसी चालू आहे तोवर माझी नोकरी आहे, इतका साधा तो मामला होता. लोक गाडीचं मायलेज विचारतात. मी फक्त जाळीतून येणाऱ्या हवेवर हात धरून बघायचे.

गाडी आली त्या आठवड्यात मी मामंजींना बसवून पैठणपर्यंत चक्कर मारली. एसी पूर्ण सोडलेला. येताना मी म्हणाले, "गार आहे खरी, पण मेली बिनवासाची हवा आहे. वाळ्याचा वास असता तर उन्हाळा तरी वाटला असता." बोलले आणि विसरले. दिवसभरात मी असं पुष्कळ बोलते. पुढं दिवाळीत गाडी सर्व्हिसिंगला नेली तेव्हा मामंजींनी तिथल्या कामगाराला विचारलं, "ही हवा घेती कुठनं?" त्यानं वायपरच्या खालच्या काळ्या जाळीवर बोट आपटून दाखवलं. मी घाईत होते. "चला हो, तुम्हाला काय करायचंय," म्हणून मी त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं.

पहिला उन्हाळा छान गेला. दुसऱ्या उन्हाळ्याला गडबड सुरू झाली.

मार्चपासून शाळा सकाळची. जाताना गारवा असतो, पण परत निघायला बारा वाजतात. पाडवा होऊन आठवडा झाला असेल. दुपारी निघाले तेव्हा हवा झकास गार होती. चितेगाव ओलांडेपर्यंत ती कमी कमी होत गेली. पंख्याचा आवाज तोच, पण जाळीशी हात धरला तर नुसती फुंकर. घरी येऊन तासाभरानं पुन्हा सुरू केली तर पहिल्यासारखी. दुसऱ्या दिवशी तेच. शिवाय शेजारच्या सीटखालची चटई ओली व्हायला लागली. मला वाटलं, माझी पाण्याची बाटली गळते.

बायपासजवळच्या एका दुकानात नेली. तिथल्या माणसानं बॉनेट उघडायच्या आधीच निदान केलं: गॅस कमी झाला. गॅस भरला. चार दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा गेले, पुन्हा गॅस. तिसऱ्यांदा मी त्याला म्हणाले, "अहो, ही गाडी आहे की स्वयंपाकघर?" तो म्हणाला, "मॅडम, उन्हाळाच तसा आहे." यावर पुढं काय झालं असेल ते वाचणाऱ्यांनी ओळखावं.

याच दिवसांत मामंजींनी एक नवीन उद्योग काढला होता. मी साडी नेसून बाहेर यायच्या आत ते तांब्याभर पाणी घेऊन गाडीपाशी उभे असायचे आणि पुढच्या काचेवर ओतायचे. आमच्याकडं तेव्हा नळाला चौथ्या दिवशी पाणी. मी बोलायचे, "काच ओल्या फडक्यानं पुसली तर चालत नाही का? तांब्या कशाला ओतायचा?" ते म्हणायचे, "येकच तांब्या हाय, पोरी." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओतायचे. पाडव्याच्या सुमारास दोन-तीन दिवस गाडीत छान वासही आला होता. स्टेशनच्या रस्त्यावरच्या पालांमधून येत असेल असं मी धरलं. नंतर त्याच्या जागी कुबट वास आला आणि मी ते सगळं विसरले.

मग एप्रिलमधला तो दिवस. चितेगाव यायच्या आधीच हवा पूर्ण थांबली. मी काचा खाली केल्या तर बाहेरची झळ आत आली. पाच मिनिटांत रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याचे दोन झाले. डावा पाय क्लचवरून उचलताना तो माझा आहे असं वाटेना. पुढं उजव्या हाताला एका रसवंतीचं छप्पर दिसलं, दिसलं म्हणजे काहीतरी हिरवं दिसलं, आणि मी गाडी कशीबशी पलीकडं नेऊन उभी केली. दार उघडलं पण उतरता येईना. रसवंतीवाली बाई धावत आली. तिनं मला काही विचारलं नाही. माठातलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं, स्वतःचा पदर भिजवून माझ्या मानेवर ठेवला, आणि तिच्या नवऱ्यानं चरक थांबवून मला उचलून सावलीतल्या खाटेवर आणलं. तासभर ती शेजारी बसून पाणी शिंपडत होती. मला दिसायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "आता माज्याकडं नीट बगताव तुमी. मगाशी नुसतं माज्या आरपार बगत व्हता." मी तिचा हात धरून रडले. मी सहसा रडत नाही, त्यामुळं ते लक्षात आहे.

संध्याकाळी मुख्याध्यापकांचा फोन आला. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. सोमवारपासून वार्षिक परीक्षा. ते म्हणाले, "मॅडम, सोमवारी खात्रीनं येता येणार असेल तर या. नाहीतर मी दुसरी सोय करतो, आणि मग आपण त्या स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जाचं बघू." त्यांचं चुकत नव्हतं. वर्गावर पाठवलेली बाई वाटेतच पडली तर मुलांकडं कोण बघणार? पण मला कळत होतं की एकदा घरी बसले की मी कायमचीच बसले. त्या रात्री जेवताना मी मामंजींना एवढंच म्हणाले, "एसी नीट झाला नाही तर माझी शाळा संपली." ते भाकरी तशीच ठेवून उठले.

शाळेतल्या एका सहकाऱ्यानं रोशन गेटाजवळच्या मिस्त्रींचा पत्ता दिला. फक्त गाड्यांचे एसी करतात, दुसरं काही नाही. गुरुवारी ऊन चढायच्या आत मी निघाले तर मामंजी धोतर-टोपी घालून गाडीपाशी तयार. "मी येतो."

"तुम्ही येऊन काय करणार? कूलर आहे का तो?"

"बसतो नुसता," ते म्हणाले आणि बसले.

मिस्त्री पन्नाशीचे, पांढरी दाढी, कानावर पेन्सिल. गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि एक लाकडी बाकडं. त्यांनी मामंजींना आधी बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं आणि मग माझ्याकडं वळले. बॉनेटला हातही लावला नाही. विचारलं, "बोलो मॅडम, क्या होता? शुरू से बोलो." इतक्या दिवसांत मला कुणी सुरुवातीपासून विचारलंच नव्हतं. मी सगळं सांगितलं. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत.

मग त्यांनी निळ्या आणि लाल नळीची, दाब मोजायची दोन घड्याळं जोडली आणि काटे बघितले. "गॅस पूरी है. जरूरत से ज्यादाच है." कॉम्प्रेसर टक आवाज करून लागतो का ते ऐकलं. पुढचा पंखा फिरतो का बघितलं, रेडिएटरच्या पुढच्या जाळीत कचरा आहे का बघितलं. आतल्या हवेत काचेचा थर्मामीटर धरला. सगळं ठीक. बायपासवाला असता तर इथंच हात झटकून मोकळा झाला असता. मिस्त्री म्हणाले, "अब रुकना पडता," आणि गाडी तशीच चालू ठेवून बाकड्यावर मामंजींशेजारी जाऊन बसले. चहा आला. वीस मिनिटं आम्ही एका उभ्या गाडीकडं बघत बसलो, मी मानेवर ओला रुमाल ठेवून. हळूहळू हवा कमी झाली. मिस्त्री उठले, बॉनेटखालच्या एका नळीवर बोट ठेवून मला बोलावलं. नळीवर पांढरं दव गोठलं होतं. "अंदर बर्फ जम रही. जाली पे हवा पूरी नै पहुंचती, इसलिए जमती. फिर बर्फच हवा का रस्ता रोकती." बाहेर एप्रिलचं ऊन आणि माझ्या गाडीत बर्फ. हे मला घरी कुणी सांगितलं असतं तर मी वेड्यात काढलं असतं.

"एक बात बोलो," ते म्हणाले. "गाडी के नीचे पानी टपकता क्या?"

मला काय माहीत? गाडीखाली कोण वाकून बघतं?

"टपकायचं," बाकड्यावरून मामंजी म्हणाले. "बाई शाळंतून आली की अर्धा तांब्या तरी पडायचं. मी परात ठेवतो ना खाली. तुळशीला घालतो. पाडव्यानंतर चार दिसांनी बंद झालं. तवापासनं परात कोरडीच हाय."

वर्षभर हा माणूस रोज माझ्या गाडीखाली परात ठेवत होता आणि मला पत्ता नव्हता. मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून पुन्हा ठेवली. "बाबा, आधा काम तुमनेच कर दिया," ते म्हणाले. हवेतलं पाणी आतल्या गार जाळीवर जमतं आणि एका नळीतून खाली पडतं, त्यांनी मला समजावलं. ते खाली पडत नाही म्हणजे नळी तुंबली, म्हणून चटई ओली. हवा येत नाही, पाणी जात नाही, म्हणजे आत काहीतरी घुसलंय. या मॉडेलला हवेचं फिल्टर येतच नाही, वरच्या जाळीतून जे पडेल ते सरळ आत.

त्यांनी डॅशबोर्डखालचं झाकण काढलं, कोपरापर्यंत हात घातला आणि ओढलं. काळा, बुळबुळीत, केसाळ गोळा बाहेर आला. मग वायपरखालची जाळी काढली, कडुलिंबाची पानं झटकली आणि तिथून दुसरा काढला. तो कमी कुजलेला होता. त्यातल्या काड्या तांबूस होत्या आणि त्यांना एक चिंधी बांधलेली होती. हिरवी, त्यावर पिवळी बारीक फुलं.

ती माझ्या जुन्या सुती साडीची चिंधी होती. मीच ती साडी फाडून मामंजींना कूलरच्या ताट्या बांधायला दिली होती. आणि चिखलाच्या वासाखालून दुसरा एक वास आला, जो मी डोळे मिटून ओळखला असता.

एका क्षणात सगळ्याची संगती लागली. बिनवासाची हवा, दिवाळीतला प्रश्न, रोजचा तांब्या. काच धुण्यासाठी नव्हताच तो, वाळा ओला करायला होता, कचेरीतल्या त्या माणसासारखा. या वाळ्यानं मला रस्त्यावर पाडलं होतं, या वाळ्यापायी माझी नोकरी जाणार होती. मी तोंड उघडलं.

मिस्त्रींनी चिंधीची गाठ आणि बाकड्यावरचे मामंजी, दोन्ही बघितलं होतं, आणि आता ते माझ्याकडं बघत होते. त्यांनी मान किंचित हलवली, नाही म्हणून. मग मोठ्यानं, सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असं म्हणाले, "चूहे का काम है. गाडी नीम के नीचे लगाते ना? चूहा घर बना लेता इसमें."

मी मामंजींकडं बघितलं. ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून जमिनीकडं बघत होते. बाकड्यावरून त्यांचे पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते. इतके ते आक्रसले होते, हे मला त्या दिवशी दिसलं.

"उंदरांचं बघायला हवं काहीतरी," मी म्हणाले.

"व्हय," ते म्हणाले. "लई झालेत."

मिस्त्रींनी आतला पंखा काढून धुतला, गार जाळी मऊ ब्रशनं आणि पाण्यानं साफ केली. बर्फ होऊ नये म्हणून तिथं एक तार बसवलेली असते, ती वाळ्याच्या गुंत्यात सरकली होती, ती जागेवर लावली. नळीत हवा मारली तेव्हा खाली भसकन पाणी पडलं आणि मामंजी वाकून बघायला उठले. वरच्या काळ्या जाळीखाली मिस्त्रींनी मच्छरदाणीसारखी बारीक जाळी बसवली. "अब चूहा नै आता," ते म्हणाले, मामंजींकडं न बघता. परतताना हवा घरापर्यंत सरळ तोंडावर येत होती. मी गाडी चालवत होते, मामंजी शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. सोमवारी मी परीक्षेला गेले. वर्गात पर्यवेक्षण करताना पोरं माझ्याकडं बघून एकमेकांना खुणा करत होती, कारण मी उगाच हसत होते.

दोन आठवड्यांनी मी एकटीच मिस्त्रींकडं गेले. त्यांना म्हणाले, "मला कळलंय ते त्यांना कळू देऊ नका." ते म्हणाले, "हौ मॅडम. फिकर नक्को." एवढंच बोलणं झालं.

त्यानंतर नऊ उन्हाळे मामंजींनी माझ्या गाडीचा एसी सांभाळला. दर पाडव्याआधी आम्ही दोघं रोशन गेटला जायचो. ते बाकड्यावर बसून मिस्त्रींचं ऐकायचे आणि घरी आल्यावर तंतोतंत पाळायचे. थंडीतही आठवड्याला दहा मिनिटं एसी चालवायचे, नाहीतर आतले रबर सुकतात आणि गॅस निसटतो. गाडी उन्हातून आली की आधी चारही दारं उघडून गरम हवा जाऊ द्यायचे. पुढच्या जाळीवर पाणी हळूच मारायचे, जोरात नाही, कारण तिथल्या पत्र्या कागदाइतक्या नाजूक. रोज सकाळी कडुलिंबाची पानं वेचायचे. आणि परात. मी शाळेतून आले की ते गाडीखाली डोकावून सांगायचे, "आज अर्धा तांब्या," "आज पाऊण, हवा दमट हाय." पाणी पडलं म्हणजे एसी नीट, एसी नीट म्हणजे सूनबाई उद्या शाळेत. औषधांनी जितकं केलं तितकंच त्या परातीनं केलं, हे मी डॉक्टरबाईंनाही सांगितलं आहे. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी, नियमानं, हार घालून निवृत्त झाले. अर्ज करून नाही.

तो हार बघायला मामंजी नव्हते. त्याआधी काही वर्षं, एका हिवाळ्यात, चार दिवस अंथरुणाला खिळून ते गेले. घरात कूलर तसाच झाकून ठेवलेला होता. पाडवा जवळ आला तशी मी एकटीच गाडी घेऊन मिस्त्रींकडं गेले. त्यांनी शेजारच्या सीटकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी सांगितलं. त्यांनी हातातला पाना फडक्यानं पुसून खाली ठेवला.

"मॅडम, एक बात बोलूं? अब बोलने में हरकत नै."

मी बाकड्यावर बसले.

"वो चूहे के बाद, तीसरे दिन, बाबा आए थे. अकेले, रिक्षा से. बोले, मिस्त्री, तो उंदीर मीच. पूछे, गाडी का कायम का नुकसान तो नै हुआ. फिर बोले, मी आलो व्हतो हे सुनेला सांगू नका."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. म्हणजे नऊ वर्षं या माणसानं आम्हा दोघांचं एकच गुपित दोन्हीकडून सांभाळलं होतं. आम्ही दोघं त्याच बाकड्यावर शेजारी बसून चहा पीत होतो, आणि तो समोर उभा राहून घड्याळांचे काटे बघत होता. मी त्यांना म्हणाले, "तुमचे कसे आभार मानू? बिचाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की मला माहीत आहे."

"नै मॅडम," मिस्त्री म्हणाले. "मैंने भी वैसाच बोला था उनको, कि मॅडम को कुछ नै मालूम. तो बाबा हंसे. बोले, तिला समदं माहीत हाय. लई फटकळ बाई हाय ती. खराच उंदीर निघाला असता, तर घर येईपर्यंत उंदरावरनं बोलून बोलून तिनं माजा जीव खाल्ला असता. त्या दिवशी गारखेड्यापर्यंत येक शब्द बोलली नाय."

मिस्त्रींनी एसी तपासून दिला. सगळं ठीक होतं. मी गाडी काढली, काचा वर केल्या, हवा पूर्ण सोडली. आणि रोशन गेटापासून गारखेड्यापर्यंत, मध्ये कुठंही न थांबता, मी शेजारच्या रिकाम्या सीटला त्या उंदरावरून झापत आले. कडुलिंबाखाली गाडी लावायला नको म्हणून किती वेळा सांगितलं, तांब्यांनी पाणी ओततं का कुणी, नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं, आणि उंदीर झालेत हे दिसत नव्हतं का तुम्हाला, रोज वाकून बघता ना गाडीखाली. जे त्या दिवशी बोलायचं राहिलं होतं ते सगळं, एक शब्द न गाळता, बोलून घेतलं. घरी आल्यावर दारं उघडली, आतून परात आणली आणि गाडीखाली सरकवली.